एका पडीकीला एक पेला पाणी

दादा,

तुझ्या दवाखान्याची किल्ली अजून माझ्या पर्समध्ये आहे. वहिनी म्हणाली, तुझ्याकडेच राहू दे, मला ते शटर उघडवणार नाही. तुझा तेरावा झाला, आले-गेले आपापल्या घरी गेले, तुझ्याबद्दल चांगलं बोलून सगळे दमले. मी काहीच बोलले नाही, म्हणून मोठी आत्या रागावली. पण आपलं भांडण अर्धवट राहिलेलं होतं. भांडणातून मध्येच उठून गेलेल्या माणसाचे गोडवे कसे गायचे ते मला येत नाही.

आपण भांडायचो ते रविवारी, अकोट्याला माझ्या घरी, जेवताना. सुरुवातीला ह्यांनी मध्यस्थी करून पाहिली, मग ते आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसायला लागले. भाऊ-बहिणीत जमिनीवरून, दागिन्यांवरून भांडणं होतात. आपली व्हायची ती लहान मुलांच्या पोटातल्या जंतूंवरून, तीही वरण-भात कालवताना. अनघाला, माझ्या लेकीला, इतकी सवय झाली होती की एका रविवारी आपण शांतपणे जेवलो तर तिनं विचारलं, मामाला बरं नाही का.

हे सगळं सुरू झालं ते तुझ्यामुळेच. आमच्या लॅबमध्ये खेड्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या शौचाचे नमुने तपासायचे ठरलं. आजारी मुलांचे नाहीत, धडधाकट, अंगणात खेळणाऱ्या मुलांचे. नमुने देणार कोण? आमची माणसं शहराबाहेर पादरा तालुक्यात दोनदा जाऊन हात हलवत परत आली. मग मी तुला गळ घातली, कारण पादऱ्याच्या पुढच्या एका गावात तू रोज सकाळी स्कूटरवरून जाऊन बसायचास आणि तिथल्या बायका तुझा शब्द खाली पडू देत नव्हत्या. तू त्यांना काय सांगितलंस देव जाणे. दुसऱ्या सोमवारी दवाखान्याबाहेर रांग लागली. एका बाईनं तर घासून लख्ख केलेल्या पितळी डबीत, वर स्वच्छ फडकं बांधून, प्रसाद आणावा तसा नमुना आणला होता. तू गंभीर चेहऱ्यानं दोन्ही हातांनी ती डबी घेतलीस. आत येऊन मात्र आपण दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आपण एकाच बाजूला उभे आहोत असं वाटण्याचा तो शेवटचा दिवस असावा.

आमचं काम साधं असतं हे तुला मी शंभरदा सांगितलं होतं. काचेच्या प्लेटमध्ये जंतू पसरायचे, त्यावर औषध लावलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. औषध लागू पडत असलं तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण दिसतं, तिथं जंतू वाढलेले नसतात. औषध लागू पडत नसलं तर जंतू थेट चकतीला येऊन टेकतात. तुझ्या गावच्या पहिल्या प्लेट्स मी उघडल्या आणि रिंगणं शोधत बसले. काही चकत्यांना होती, बऱ्याच चकत्यांना नव्हती. जी मुलं अजून नीट चालत नव्हती त्यांच्या पोटात अशा औषधांना न जुमानणारे जंतू होते, जी औषधं त्यांनी बहुधा कधी घेतलीही नव्हती. घरातल्या माणसांच्या हातातून, हापशाच्या पाण्यातून, अंगणातल्या कोंबड्यांकडून ते आले असणार. आज ते निमूट बसले आहेत, पण उद्या त्या मुलाला खरंच काही झालं तर देणार काय?

मी निकालाचा तक्ता घरी आणला आणि रविवारी तुझ्या ताटाशेजारी ठेवला. तुला विचारलं, जुलाब झालेल्या मुलाला तू काय देतोस. तू म्हणालास, पडीकी. ते मलाही माहीत होतं. दवाखान्यात तुझ्या मदतीला असलेल्या कांचनबेन दुपारभर गोळ्या कुटून कागदाच्या छोट्या पुड्या बांधायच्या, बायका पदराच्या टोकाला त्या पडीक्या गाठीत बांधून न्यायच्या. मी विचारलं, त्या पडीकीत काय असतं. तू अँटिबायोटिकचं नाव घेतलंस. दोन दिवसांचं, अर्ध्या-अर्ध्या गोळीचं, सगळ्यांना सरसकट. मग मी सुरू झाले.

तू तेव्हा भांडायचास, दादा. नंतरच्या गप्प दादापेक्षा तो मला बरा वाटायचा. तू म्हणालास, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी पुरतं हे मलाही कॉलेजात शिकवलंय. मी तेच सांगत होतो. बाई म्हणते, पाणी तो घेरे य छे साहेब, दवा आपो ने. पाणी घरातही आहे, औषध द्या. पाणी सांगितलं की ती उठते आणि नाक्यावरच्या त्या माणसाकडे जाते, जो डॉक्टरही नाही आणि कंपाउंडरही नाही. तो सुई टोचतो आणि वर तीन रंगांच्या गोळ्या देतो. ते खोटं नव्हतं, दादा. बाजार खुला झाला म्हणून शहरात लोक नवी शीतपेयं आणि नवे चॅनेल मोजत होते. तुझ्या रस्त्यावर तो खुलेपणा औषधांच्या दुकानांच्या रूपानं आला होता. दर महिन्याला नवी कंपनी, नवा डबा, आणि नाक्यावरच्या माणसाकडे नवा रंग.

मी म्हटलं, मग समजाव त्यांना. तू म्हणालास, सहा वर्षं समजावलं. ज्यांना समजलं त्याही नाक्यावर गेल्या, कारण मूल उद्या बरं झालं नाही तर शेतावर कोण जाणार. आणि मग तू ते वाक्य म्हणालास, जे मी नंतर किती तरी दिवस मनात घोळवलं.

"शकू, तुझ्या प्लेटला सकाळी तंबाखूच्या शेतावर जायचं नसतं."

इकडे आड तिकडे विहीर, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण माझी जीभ तुला माहीत आहे. मी म्हटलं, तू डॉक्टर नाहीस, पडीक्या बांधणारा किराणावाला आहेस. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. तू ताटात पाणी सोडलंस, हात धुतलेस आणि गेलास. पुढच्या रविवारी तू येणार नाहीस असं मी धरून चालले होते. तू आलास, लहरीपुऱ्याच्या बाजारातून ओल्या तुरीची लिलवा कचोरी घेऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.

त्यानंतर मात्र तू वाद घालणं सोडलंस. दर वर्षी त्याच गावातून नवे नमुने यायचे, ते तूच गोळा करून द्यायचास, चिठ्ठीवर मुलाचं नाव आणि वय तुझ्या त्या मुंगीसारख्या अक्षरात. मी तक्ता आणायची. तू चष्मा लावायचास, बोट फिरवत खालपर्यंत बघायचास आणि एवढंच विचारायचास, "अजून तसंच?" मी म्हणायची, तसंच. मग तू आमटी मागायचास. मला वाटायचं, हा मला चिडवतोय. तुझं चालू दे शकू, माझं मी करतो, असं सांगण्याची ही त्याची तऱ्हा.

त्याच सुमाराला तू माझ्याकडे कागद मागितलेस. आमच्या लॅबचे रिपोर्टचे फॉर्म बदलले होते आणि जुन्या कोऱ्या फॉर्मचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून होते. पाठ कोरी आहे, पडीक्यांना चांगले, म्हणालास. मग परत मागितलेस, आणि सांगितलंस की आता अर्धा कागद पुरत नाही, आख्खा लागतो. मी टोमणा मारला, धंदा वाढलेला दिसतोय. तू म्हणालास, हो, वाढलाय. फॉर्म मीच तुझ्या स्कूटरच्या डिकीत नेऊन ठेवले.

आता जे सांगायचंय ते तुला माहीत आहे, पण मी ते कधी तोंडानं बोलले नाही. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका लग्नाचं जेवून अनघाला जुलाब सुरू झाले. चार वर्षांचं पोर दुपारपर्यंत कोमेजून गेलं. मी जगाला शिकवणारी बाई, सगळं शिकवलेलं विसरून फोनकडे धावले. तुला फोन केला, तू दवाखाना कांचनबेनवर टाकून आलास. तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिलीस, जीभ पाहिलीस, मला दोन प्रश्न विचारलेस. मग म्हणालास, ताप नाही, रक्त नाही, पाणी पाज.

आणि मी म्हटलं, "पाणी घरात आहे, दादा. औषध दे."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं की ते कुणाचं आहे. तुलाही कळलं. तू हसला नाहीस, त्याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे. तू बॅग उघडून पडीक्या काढल्यास. म्हणालास, हे जरा जोराचं आहे. एका पडीकीला एक पेला उकळून गार केलेलं पाणी. चमच्या-चमच्यानं पाजायचं, दिवसभर. पाणी कमी पडलं तर औषध लागू पडणार नाही. मी आज्ञाधारक मुलीसारखी मान हलवली. घड्याळ लावून पाजलं. अनघा म्हणाली, मामाचं औषध सरबतासारखं लागतं. मी म्हटलं, मामा लाडावून ठेवतो, साखर घालून देतो. तिसऱ्या दिवशी ती अंगणात सायकल फिरवत होती.

चार पडीक्या उरल्या. औषध अर्धवट सोडायचं नाही यावर गावोगाव भाषणं देणाऱ्या तुझ्या बहिणीनं त्या बटणांच्या डब्यात टाकल्या आणि विसरून गेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. त्यानंतर एक-दोन महिने मी तुझ्याशी जरा नरमाईनं वागले, आणि मग पहिल्यापेक्षा जास्त चढ्या आवाजात भांडायला लागले. एकदा पकडलं गेलेलं माणूस जास्तच ओरडतं.

तुझ्या शेवटच्या रविवारी तर मी ताळच सोडला. तक्ता तसाच होता, उलट एका नव्या औषधाचं रिंगणही आकसलं होतं. मी म्हटलं, बघ, तुझ्या पडीक्यांची कमाई. तू चष्मा लावलास, बोट खालपर्यंत नेलंस, विचारलंस, "अजून तसंच?" मी अगदी विजयानं म्हटलं, तसंच. तू तक्त्याची नीट घडी करून परत दिलीस. त्या दिवशी तू आमटी मागितली नाहीस, हे मला गुरुवारी, तू गेल्याचा फोन आल्यावर आठवलं.

आता दवाखान्यातलं. बुधवारी मी आणि कांचनबेन आवराआवर करायला गेलो. मी कपाटातल्या बाटल्या खोक्यात भरत होते, तेवढ्यात एक अगदी तरुण बाई शटरपाशी येऊन उभी राहिली. कडेवर पोर, मलूल, पण टुकूटुकू बघणारं. तिला तू गेल्याचं माहीत होतं, डोळे पुसून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, साहेबांची पडीकी आहे का. कांचनबेननी पोराची कातडी चिमटीत धरून पाहिली, अगदी तू धरायचास तशी, ताप आहे का, रक्त पडतं का विचारलं, आणि खणातून मूठभर पडीक्या काढून तिच्या पदरात टाकल्या. वर तुझ्याच चालीत बजावलं, एका पडीकीला एक पेला पाणी, उकाळेलुं.

माझं डोकं फिरलं. बाई जाईपर्यंतही मी थांबले नाही. म्हटलं, कांचनबेन, डॉक्टर राहिले नाहीत आणि तुम्ही अँटिबायोटिक वाटताय? कांचनबेननी मला हातानंच थोपवलं. बाई रस्त्याच्या वळणापलीकडे गेली, तशा त्या तुझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"बेन, एमां दवा क्यां छे? ग्लुकोज ने मीठुं छे."

त्यात औषध नव्हतंच, दादा, नुसतं ग्लुकोज आणि मीठ. मग त्या सांगत गेल्या. सात वर्षं झाली म्हणे. ज्या रविवारी मी तुला किराणावाला म्हटलं, त्याच आठवड्यात तू लहरीपुऱ्यातून सोनाराकडे असतो तसला छोटा तराजू आणलास आणि कांचनबेनना शिकवलंस, एका पेल्याला ग्लुकोज किती आणि मीठ किती. ज्या मुलाला ताप असेल, रक्त पडत असेल, त्याला खरं औषध, आख्ख्या गोळ्या, पूर्ण दिवसांच्या. बाकी सगळ्यांना ही पडीकी. पाणी म्हणून ज्या बाया पाणी पाजत नव्हत्या, त्या औषध म्हणून पेलेच्या पेले पाजत होत्या. म्हणून तुला आख्खा कागद लागत होता. म्हणून तुझा धंदा वाढला होता. आणि मुलं बरी होत होती, जशी माझी झाली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. कांचनबेननी तेही सांगितलं. तू त्यांना बजावलं होतंस, बेनला सांगायचं नाही. बहीण चांगली आहे, पण "एना पेटमां वात टकती नथी." मी ते लिहीन, कुठल्यातरी सभेत कौतुकानं सांगीन, गावात पोचेल, आणि दुसऱ्या दिवशी बाया नाक्यावर जातील. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे खरंच आहे, दादा. बघ ना, हे मी लिहायला बसलेच.

पण एवढंच कारण नव्हतं. हे मला परत येताना बसमध्ये कळलं आणि मला तुझा भयंकर राग आला. तू सात वर्षं औषध थांबवलंस आणि माझ्या तक्त्यात रिंगण केसभरही वाढलं नाही. नाक्यावरचा माणूस होता, दुकानं होती, शेजारची गावं होती, पाणी तेच होतं, आणि एकदा मुरलेले जंतू कुणी एकानं हात आवरला म्हणून निघून जात नाहीत. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण मला मनातून वाटायचं, दादानं थांबवलं की फरक पडेल. त्या आशेवर मी काम केलं. माझ्याकडे एक गुन्हेगार होता, तो दर रविवारी समोर बसून जेवायचा. तू खरं सांगितलं असतंस तर तो गुन्हेगारही गेला असता आणि ती आशाही. म्हणून तू मूग गिळून बसलास, आणि कुठेच वाट नाही हे एकट्यानं जाणून रोज सकाळी स्कूटरला किक मारलीस. बायांना खरं सांगता येत नव्हतं, मला सांगता येत नव्हतं. वहिनीलाही काही माहीत नव्हतं, मी विचारलं.

मला हे सोसवत नाही. तू निदान एकदा तरी ओरडायचं होतंस माझ्यावर.

घरी आल्यावर मी बटणांचा डबा उपडा केला. चारही पडीक्या होत्या, आमच्याच जुन्या फॉर्मच्या, ओल धरून आतली पूड घट्ट झालेली. चाखून बघितलं असतं तरी कळलं असतं. जुनं औषध कमजोर होतं, गोडखारट होत नाही. पण माझी खात्री एकाच पद्धतीनं होते, तुला माहीत आहे. आमच्या फ्रीजमध्ये एक गरीब जंतू जपून ठेवलेला असतो, कुठल्याही साध्या औषधानं मरणारा, चाचणी बरोबर चालली आहे ना हे बघायला. तो प्लेटवर पसरला. एका बाजूला तू मला पूर्वी सांगितलं होतंस त्या अँटिबायोटिकची चकती ठेवली. दुसऱ्या बाजूला प्लेटमधल्या जेलीत छोटा खड्डा करून त्यात अनघाच्या पडीकीतली पूड. दुसऱ्या दिवशी सगळे यायच्या आधी जाऊन प्लेट उघडली.

चकतीभोवती मोठं, स्वच्छ रिंगण होतं. तुझ्या पुडीभोवती काहीच नव्हतं. तो गरीब, कशानंही मरणारा जंतू खड्ड्याच्या अगदी काठापर्यंत मजेत वाढला होता. रिंगण नाही म्हणून इतकी वर्षं मी लाल शाईनं तुझ्या गावाचं नाव लिहीत आले. या प्लेटवर रिंगण नव्हतं आणि मी ती छातीशी धरून लॅबमध्ये रडत उभी होते. प्लेट अशी धरायची नसते. आमच्या शिपायानं पाहिलं, दार ओढून घेतलं.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तू जायच्या आदल्या दिवशी पाठवलेले पुढच्या खेपेचे नमुने तोवर लावून झाले होते. चिठ्ठ्यांवर तुझं अक्षर होतं, एकेक नाव, एकेक वय, कुणी दीड वर्षाचं, कुणी तीन. ही सगळीच मुलं तू थांबवल्यानंतर जन्मलेली, तुझ्या पडीक्यांवर वाढलेली. मी खुर्ची ओढली, पट्टी घेतली आणि एकेक प्लेट मोजत गेले. घाई केली नाही. कदाचित सात वर्षं तू ज्यासाठी चष्मा लावून बोट खालपर्यंत नेत होतास, ते एखाद्या तरी मुलाच्या प्लेटवर दिसेल, असं मलाही वाटत होतं. तू मला चिडवत नव्हतास. तू विचारत होतास, आणि मी दर वेळी जिंकल्यासारखं उत्तर दिलं.

आज रविवार आहे. तक्ता पूर्ण झाला. तो ताटाशेजारी ठेवायला कुणी नाही, म्हणून इथंच सांगते.

अजून तसंच आहे, दादा.